लुगड्याचा चणिया आणि ‘मूळ गाव’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एक पत्र प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलींना नऊवारी नेसता येत नाही, त्या शिवलेली नऊवारी चढवून मिरवतात, खणाच्या चोळीवर बांधणीची ओढणी घेतात आणि अशा ‘धेडगुजरी’ वेषाला मराठी म्हणवतात, अशी पत्रलेखकाची तक्रार होती. ‘धेडगुजरी’ हा शब्द त्यांनी सहज वापरला असावा. आम्ही मात्र गुजरातेतच राहत असल्यामुळे तो आमच्या कानांना जरा जवळून लागला. पत्रलेखक पुण्याचे आहेत आणि मी बडोद्याची. त्यांना वैयक्तिक उत्तर देण्याचा हेतू नाही; परंतु ज्या मुलींविषयी त्यांनी लिहिले त्यांच्यापैकी एक माझ्या घरात आहे आणि तिच्या वयाची असताना मी स्वतःही तशीच होते, म्हणून हे पत्र.

बडोद्यातला मराठी माणूस म्हटले की गायकवाडांच्या काळापासून येथे स्थायिक झालेली, दांडिया बाजार, रावपुरा भागातली घराणी डोळ्यांसमोर येतात. आम्ही त्यांतले नव्हे. माझे वडील कराडजवळच्या गावातून १९६७ साली कोयलीच्या रिफायनरीतल्या नोकरीसाठी येथे आले, आई पुढच्या वर्षी आली आणि १९६९ मध्ये मी जन्मले. आम्ही राहत होतो दांडिया बाजाराला लागून असलेल्या एका पोळात, म्हणजे अरुंद गल्लीतल्या जुन्या वस्तीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. जुन्या मराठी घरांतल्या बायका आमच्या बोलण्यातला कराडी हेल ऐकून हसत, गुजराती शेजारणी आम्हाला ‘दक्षिणी’ म्हणत, आणि मे महिन्यात गावी गेले की चुलतभावंडे माझ्या आभले लावलेल्या झग्याकडे पाहून ‘गुजरातची पाव्हणी आली’ म्हणून ओरडत. तिन्हीकडे माझी ओळख ठरत होती ती मी तोंड उघडण्याच्या आधी, अंगावरच्या कपड्यांवरून.

या बाबतीतली माझी सर्वांत जुनी आठवण पदराची आहे. गुजराती पद्धतीत पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे येतो आणि छातीवर पसरून त्याचे टोक कमरेला खोचले जाते. आपल्याकडे तो डाव्या खांद्यावरून मागे जातो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पोळात कोणाचे लग्न असले की शेजारच्या काकी आईला ओढून नेत आणि आपल्या हातांनी तिला तसा पदर काढून देत. मी आठेक वर्षांची असताना आई एकदा अशीच लग्नाहून परतत होती आणि त्याच दुपारी गावाहून थोरले काका आलेले होते. ओट्यावरच्या त्यांच्या वहाणा तिला जिन्याखालून दिसल्या. ती तिथेच थांबली, कमरेत खोचलेले टोक काढले, पदर उजव्या खांद्यावरून उतरवून डावीकडे घेतला, निऱ्या एकदा चापल्या आणि मग वर आली. सगळे मिळून अर्धे मिनिटही लागले नसेल. तिच्या चेहऱ्यावर अपराधी भाव नव्हता, पाऊस आल्यावर वाळत घातलेले कपडे काढावेत तशी ती सहज वागली. मात्र आपल्या घरात पदराच्या दोन बाजू आहेत आणि कोणती केव्हा हे ठरवावे लागते, ही गोष्ट मला तेव्हा कळली. कराडच्या माझ्या बहिणींना ती कधी ठरवावी लागली नाही.

मला वाटते, पत्रलेखकांच्या नजरेतून निसटले आहे ते हेच. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या एकच पद्धत चालत आली तिथल्या मुलीला पोशाख आयता मिळतो. ती तो आवडीने वापरते किंवा कंटाळून टाकते, पण तो कोणाचा हा प्रश्न तिला पडत नाही. स्थलांतर करून आलेल्यांच्या मुलांना दर सणाला, दर लग्नाला, कित्येकदा दर सकाळी निवड करावी लागते आणि प्रत्येक निवडीवर कोणीतरी शेरा मारायला उभे असते. त्या निवडींतूनच आम्ही कोण ते आम्हाला हळूहळू उमगत जाते. हा फॅशनचा उथळपणा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी सतरा वर्षांच्या मुलीच्या जागी नवरात्राच्या पहिल्या रात्री बडोद्यात उभे राहून पाहावे.

मी सतरा वर्षांची असतानाचे ते नवरात्र १९८६ चे. गरब्याला चणियाचोळी हवी होती आणि घेराचा, भरतकामाचा चणिया विकत घेणे वडिलांच्या पगारात बसत नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी माझी आजी वारली होती आणि तिची तीन लुगडी आईकडे गोधडीसाठी आलेली होती. त्यांत एक काळपट निळे इरकल होते. तांबडे काठ, टोपी पदर, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले, पण कुठेही न विरलेले. मी हिशेब मांडला. लुगडे नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, पन्हा ४५ इंच. मला ३८ इंच उंचीचा चणिया हवा होता. उरलेल्या सात इंचांत वरून दुमड घालून नेफा बसत होता, कापड मधे कुठेही कापावे लागत नव्हते, आणि एका बाजूचा काठ आपोआप सबंध घेराला खाली येत होता. बाजारात सव्वाआठ मीटर घेराचा चणिया मागितला असता तर दुकानदाराने आधी आमची ऐपत पाहिली असती. लुगड्यात तो घेर मुळातच होता, कारण नऊ वार कापड अंगावर बाळगून शेतात वाकायचे, गर्दीत चालायचे, उंबरे ओलांडायचे, यासाठीच त्याची लांबी ठरलेली आहे.

आमच्या पोळाच्या तोंडाशी बसणाऱ्या दरजीकाकांनी घडी उलगडायला सुरुवात केली आणि ती संपेना, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून विचारले, “बेन, आ साडी छे के मंडप?” पदराचे काय करायचे यावर मात्र ते गंभीर झाले. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो, ती जोडाची रेघ त्यांनी बोटाने चाचपून पाहिली आणि तिथे कात्री लावायला साफ नकार दिला. त्यांच्या सांगण्यावरून तांबडा पदर डाव्या बाजूला उभ्या पट्ट्यासारखा येईल असा घेर चुणला. वर घालायला आईची खणाची चोळी होती.

घरी घालून दाखवला तेव्हा आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर नेफ्याची शिवण तिने आतून हाताने, बारीक टिपा घालून पक्की केलेली होती. आजीच्या लुगड्याची विटंबना झाली असे तिला वाटले का, हे मी पुष्कळ वर्षांनी विचारले. ती म्हणाली, “गोधडी झालीच असती की.” मला ते उत्तर पटते. आपल्याकडे जुन्या लुगड्याला कात्री लागते, त्याचे तुकडे होतात, त्यावर धावदोरा पडतो आणि नातवंडे ते पांघरून झोपतात. त्याला परंपरा बुडाली असे कोणी म्हणत नाही. मग त्याच लुगड्याचा चणिया झाला की वृत्तपत्रात पत्र का लिहावेसे वाटते?

त्या नवरात्रात एका म्हाताऱ्या काठेवाडी बाईंनी माझ्या चणियाचा काठ हातात धरून विचारले, “कया गामनुं भरत छे?” भरत म्हणजे भरतकाम, ते त्यावर मुळीच नव्हते, काठ विणलेला होता. मी म्हणाले, “कराडनुं.” कापड विणले गेले होते कर्नाटकात, शिवले गेले बडोद्यात, आणि तरी माझे उत्तर खोटे नव्हते. तोवर कुणी गाव विचारले की मी समोरचा माणूस पाहून उत्तर बदलत असे.

आता ‘खरा मराठी पोशाख’ या शब्दांकडे वळते, कारण पत्रलेखकांचा सर्व भर त्यांवर आहे. खण आपण मराठी मानतो. तो विणला जातो गुळेदगुड्डला आणि इरकल इळकलला. ही दोन्ही गावे कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहेत. नारायणपेठ तेलंगणात आहे. आमच्या बाजूचे पाहायचे तर ज्या पाटणच्या पटोळ्याचा गुजरातला एवढा अभिमान, ते विणणारे साळवी स्वतःच सांगतात की आपले पूर्वज बाराव्या शतकात सोळंकी राजा कुमारपाळाने जालन्याकडून आणवले, आणि तेही ७०० कुटुंबे. म्हणजे आपल्या सणाच्या कपड्यांतला बराचसा माल कानडी आणि तेलुगू मागांवरचा, आणि गुजरातेतले सर्वांत प्रतिष्ठित वस्त्र मराठवाड्यातून गेलेल्यांच्या हातचे. यामुळे खण मराठी नाही असे मी म्हणत नाही. आमच्या आज्यांनी तो इतकी वर्षे अंगाला लावला म्हणून तो मराठी झाला. माझ्या मुलीने बांधणीची ओढणी आणखी काही वर्षे वापरली की तिचेही तेच होईल, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि या शहराचा इतिहास तर कपड्यांच्या अशा निवडींनी भरलेला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबातला बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये येथे आणला गेला आणि राजवस्त्रे घालून सयाजीराव झाला; तोही एका अर्थाने परगावाहून आलेला मुलगाच. त्याच सयाजीरावांनी १९११ च्या दिल्ली दरबारात जडजवाहिरांचा डामडौल टाळून साध्या पांढऱ्या पोशाखात जाणे पसंत केले, बादशहासमोर जुजबी लवून ते वळले आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यावरून केवढा गहजब केला हे प्रसिद्ध आहे. त्यांच्या कन्या इंदिराराजे १९१३ साली कूचबिहारच्या राजघराण्यात गेल्या आणि शिफॉनची साडी भारतात रूढ करण्याचे श्रेय आज त्यांना दिले जाते. मराठी राजवाड्यात वाढलेली मुलगी फ्रेंच कापडाची साडी बंगालच्या उत्तरेकडे नेसत होती. राजा रविवर्मा केरळातून बडोद्याच्या दरबारात आले आणि त्यांच्या चित्रांतल्या कितीतरी पौराणिक नायिका नऊवारीत उभ्या आहेत. मल्याळी चित्रकाराने पुराणातल्या स्त्रियांना आपले लुगडे नेसवले, तेव्हा आपण ती चित्रे घरोघर टांगली.

पत्रलेखकांचा एक मुद्दा मला मान्य आहे. नऊवारी ‘नेसायची’ असते आणि झगा ‘घालायचा’ असतो. गुजरातीत दोन्हींना ‘पहेरवुं’ हे एकच क्रियापद चालते, त्यामुळे आमची मुले ‘साडी घातली’ म्हणतात, आणि ते ऐकले की माझ्याही कपाळाला आठी पडते. पण शिवलेली नऊवारी ही घालण्याचीच वस्तू आहे. परकराशिवाय, एका गाठीवर सबंध लुगडे तोलून धरायचे, काष्टा मागे ताठ खोचायचा, ओचा सुटू द्यायचा नाही, हे रोज करणाऱ्या बाईकडून शिकावे लागते, आणि अशी बाई आता पुण्यातल्याही किती घरांत उरली आहे? पाडव्याच्या ज्या शोभायात्रेत मुलींच्या शिवलेल्या काष्ट्याला नावे ठेवली गेली, तिथेच पुरुषांच्या डोक्यांवर टोपीसारखे घालायचे तयार फेटे शेकड्याने होते. खाली जीनची पँटही होती. त्यांच्या मराठीपणाविषयी अवाक्षर निघाले नाही.

खोटेपणाचा राग यायचाच असेल तर तो कापडाच्या खोटेपणाचा यावा. पैठणीच्या मोरांची छपाई केलेले कृत्रिम धाग्याचे कापड आज सर्रास ‘पैठणी’ म्हणून खपते. अस्सल पैठणीचा पदर उलटा करून पाहिला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. ते विणायला येवल्याच्या विणकराला आठवडे, कधी महिने लागतात आणि छापील माल त्याच्या पोटावर येतो. याविषयी आपल्या वृत्तपत्राने जरूर लिहावे. अस्सल कापड नव्या तऱ्हेने शिवणारी मुलगी मात्र त्या विणकराचे गिऱ्हाईक असते.

माझा भाऊ पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेत गेला आणि त्याची मुलगी न्यू जर्सीत जन्मली. तिथे ती गरब्याला जाते तेव्हा सगळे तिला गुजराती समजतात, महाराष्ट्र मंडळात गेली की तिच्या मराठीत गुजराती शब्द सापडतात, आणि या दोन्हींबाहेर ती सरसकट ‘इंडियन’ असते. आजोबांनी कराड सोडले, वडिलांनी बडोदे सोडले, तेव्हा तिने कुठले धरावे? तिने खणाचे जाकीट शिवून घेतले आहे आणि ते ती कचेरीत साध्या काळ्या पँटवर घालते. मागच्या दिवाळीत तिने दृक्‌श्राव्य फोनवर काष्टा कसा घालायचा ते मला विचारले. मी इथून हात हलवीत होते, ती तिथे आरशासमोर उलटसुलट होत होती, आणि तिसऱ्या खेपेला जमला तो काष्टा मराठाही नव्हता, ब्राह्मणीही नव्हता. पण सुटला नाही. संध्याकाळभर टिकला.

आता ज्या प्रसंगाने मला लिहायला भाग पाडले तो सांगते. पाडव्याला शहरातल्या एका मंडळाने पारंपरिक वेशभूषेची स्पर्धा ठेवली होती. माझी वीस वर्षांची मुलगी तोच १९८६ चा चणिया, नव्याने शिवलेली खणाची चोळी, जामनगरी बांधणीची ओढणी आणि माझ्या सासूबाईंची मोत्यांची नथ घालून गेली. परीक्षकांपैकी एकांनी तिला व्यासपीठावरच सांगितले की हा वेष ना धड मराठी ना धड गुजराती, तेव्हा कोणत्याच गटात बसत नाही, आणि तिला स्पर्धेबाहेर काढले. बक्षिसाचे दुःख नाही. परंतु तिला एक वाक्य बोलू दिले असते तर तिने सांगितले असते की अंगावरचे लुगडे पणजीचे आहे, शिवण आजीची आणि पोळातल्या दरजीकाकांची आहे, आणि ओढणी कॉलेजातल्या मैत्रिणीच्या आईने दिलेली आहे. तिथे पहिला आलेला वेष भाड्याने आणलेला होता. तो छान दिसत होता, याबद्दल वाद नाही.

आपल्या वृत्तपत्राचे वाचक बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथल्या मंडळांतही आहेत, म्हणून एक सूचना करते. अशा स्पर्धा भरवायच्याच तर ‘मराठी’, ‘गुजराती’ असे गट पाडू नयेत. प्रत्येक स्पर्धकाला दोन मिनिटे द्यावीत आणि अंगावरचे वस्त्र कुठून आले, कोणी विणले, कोणाकडून मिळाले, तसेच का नेसले किंवा शिवले, हे सांगायला लावावे. गुण त्यावर द्यावेत. भाड्याचा पोशाख आपोआप मागे पडेल. शिवाय नऊवारी नेसवायला शिकवण्याचा तासाभराचा वर्ग शोभायात्रेच्या आदल्या रविवारी प्रत्येक मंडळाला घेता येईल. बडोद्यात त्यासाठी कोणी बोलावले तर मी येईन, लुगडे माझे मी आणीन.

त्या मंडळाने पुढच्या वर्षीच्या नोंदणीसाठी मुलीचा जुना अर्ज दुरुस्तीकरिता परत पाठवला आहे. ‘मूळ गाव’ या रकान्यात तिने ‘बडोदे’ लिहिले होते. त्यावर तांबड्या शाईने काट मारून कोणीतरी समोर प्रश्नचिन्ह काढले आहे. तिने त्याखाली पुन्हा ‘बडोदे’ लिहिले आहे आणि अर्ज काल टपालात टाकला.

आपली,
एक वाचक
कारेलीबाग, बडोदे